प्रभाग वार्तापत्र आणि कामांची यादी : चालू नोंदी

18 जानेवारी 2026

15 तारखेला राज्यातल्या 29 महापालिकांचं मतदान झालं, 16 ला मोजणी, आणि आमच्या प्रभागातल्या चार जागांपैकी एका जागेवर ताई निवडून आल्या. आज त्यांनी बोलावून सांगितलं की दर महिन्याला प्रभागातल्या लोकांना एक वार्तापत्र गेलं पाहिजे आणि ते तू बघायचंस. मी हो म्हटलं पण एक अट घातली. आधी कामांची यादी करायची, प्रत्येक काम आज कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहायचं, आणि वार्तापत्र त्या यादीतूनच काढायचं. सत्काराचे, नारळ फोडल्याचे फोटो लोकांना व्हॉट्सॲपवर मिळतातच, पण आपल्या गल्लीच्या ड्रेनेजची फाईल कुणाच्या टेबलावर आहे आणि पुढची सही कुणाची हे त्यांना कुणीच सांगत नाही. ताई म्हणाल्या कर, फक्त कागद बघितल्याशिवाय एक ओळही लिहू नकोस. हे मला फार बरं वाटलं.

21 जानेवारी

जुनी पत्रं गोळा करायला सुरुवात केली. अवघड आहे, कारण मधली इतकी वर्षं नगरसेवकच नव्हते. बऱ्याच महापालिकांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली, नवी मुंबई, कोल्हापूर, औरंगाबाद यांची तर 2020 मध्येच, आणि तेव्हापासून सगळीकडे प्रशासक. राज्यघटनेच्या कलम 243 यू मध्ये पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक असं स्पष्ट लिहिलंय, तरी ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या कोर्टकचेरीत निवडणुका अडकून राहिल्या आणि शेवटी 2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने आदेश दिल्यावर गाडी हलली.

याचा परिणाम काय झाला ते आज पत्रं चाळताना दिसलं. लोकांनी थेट वॉर्ड ऑफिसला अर्ज दिलेत, कुणी आमदारांना दिलेत, कुणी माजी नगरसेवकांना, कुणी ऑनलाईन तक्रार टाकली आणि ती 'निकाली' दाखवून बंद झाली. एकाच चेंबरच्या झाकणासाठी वेगवेगळ्या लोकांची वेगवेगळी पत्रं, आणि एकमेकांना त्याचा पत्ता नाही. ती सगळी एका कामाखाली लावतोय.

25 जानेवारी, रविवार

दिवसभर वर्गवारी. सगळ्यात मोठा गठ्ठा निघाला तो महापालिकेच्या हातात नसलेल्या कामांचा. लाईट वारंवार जाते ते महावितरणचं, रेशनकार्ड पुरवठा विभागाचं, सिग्नलचा टायमिंग आणि नो पार्किंग वाहतूक पोलिसांचं, सातबाऱ्यावर नाव लावायचं ते तलाठ्याचं. लोकांची यात काही चूक नाही, त्यांच्यासाठी सरकार म्हणजे सगळं एकच आणि नगरसेवक हाच त्यातला हाताला लागणारा माणूस. म्हणून ठरवलंय की वार्तापत्रात कायम एक चौकट राहील, कुठलं काम कुणाकडे, आणि आपलं नसलेलं काम असेल तर ताईंचं पत्र कुठल्या ऑफिसला गेलं ते तारखेसकट.

अजून एक गोष्ट लोकांना समजावून सांगायचीय. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 प्रमाणे अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेवक स्वतः टेंडर काढत नाही, ठेकेदाराचं बिल मंजूर करत नाही, जेईला, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला, सस्पेंड करू शकत नाही. तो काय करू शकतो तर बजेटमध्ये तरतूद मागू शकतो, सभेत प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो, प्रभाग समितीत अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारू शकतो, आणि पाठपुरावा करू शकतो. यातलं पाठपुरावा हे काम सगळ्यात जास्त वेळ खातं, पण ते कुठल्याच फोटोत येत नाही म्हणून त्याची नोंद आपणच ठेवायची.

2 फेब्रुवारी

यादीचे रकाने आज पक्के केले. यावर बराच वेळ घालवला कारण इथे गडबड झाली तर पुढचं सगळंच भोंगळ होईल.

आपल्याकडे 'काम मंजूर झालं' हे वाक्य कुठल्याही टप्प्याला वापरतात. पत्र दिलं तरी मंजूर, बजेटमध्ये नाव आलं तरी मंजूर, भूमिपूजन झालं तरी मंजूर, आणि मग वर्ष झालं तरी गल्लीत पहार लागत नाही तेव्हा लोक चिडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. म्हणून मी हा शब्दच यादीतून काढून टाकला आणि त्याजागी असे टप्पे घेतले : मागणी आली, जेईने जागेची पाहणी केली, एस्टिमेट झालं, बजेट हेड (लेखाशीर्ष, म्हणजे पैसे बजेटमधल्या कुठल्या तरतुदीतून) मिळालं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर निघालं, टेंडर उघडलं, मंजुरी, वर्क ऑर्डर, काम सुरू, काम पूर्ण, आणि शेवटी डीएलपी, म्हणजे ठेकेदाराने फुकट दुरुस्त करून द्यायची मुदत, ती कधी संपते. यातल्या बहुतेक टप्प्यांचा एक कागद असतो, त्याला जावक क्रमांक आणि तारीख असते, तर तो क्रमांक लिहिल्याशिवाय काम पुढच्या टप्प्यावर सरकवायचं नाही.

बजेट हेड हा सगळ्यात नाजूक टप्पा. एस्टिमेट करून ठेवलेली कितीतरी कामं पडून राहतात कारण लेखाशीर्षात पैसेच नसतात, किंवा असतात ते भलत्याच कामाच्या नावावर, मग वर्गीकरण, म्हणजे ते पैसे या कामाकडे वळवून घ्यावे लागतात आणि त्याला परत मान्यता लागते. सामान्य माणसाला हे कधीच कळत नाही, त्याला फक्त 'प्रोसेस चालू आहे' एवढंच ऐकायला मिळतं.

4 फेब्रुवारी

ताईंनी बाकीच्या तिन्ही नगरसेवकांना फोन करून यादी एकत्र ठेवू असं सुचवलं. पक्ष वेगळे आहेत. पण प्रभाग एकच आहे, प्रत्येक मतदाराने चार मतं दिलीत आणि अ ब क ड अशा चौघांवरही सारखाच हक्क आहे त्याचा. एकजण लगेच तयार झाले, एक म्हणाले बघू, एकांनी अजून उत्तर दिलं नाही. मला वाटतं हे व्हायलाच पाहिजे, कारण चार सदस्यांच्या प्रभागात लोकांना सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते 'हे माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे जा'.

9 फेब्रुवारी

आज वॉर्ड ऑफिसला पथ विभागाच्या जेई साहेबांबरोबर बसलो. मागच्या गल्लीतला रस्ता. आधी काँक्रीट झाला, मग केबलसाठी खोदला, मग चरात माती ढकलून वरून डांबर ओतलं आणि पहिल्याच पावसात तो पट्टा खाली बसला. तिथे स्कूटर घसरून पडलेल्या एक मावशी परवा येऊन गेल्या, हाताला प्लास्टर.

चर बुजवायची पद्धत ठरलेली आहे. थर देऊन भरायचं, प्रत्येक थर दाबून घ्यायचा, मग वरचा थर मूळ रस्ता ज्याचा असेल त्याचाच. घाईत सगळी माती एकदम लोटली की आत पोकळी राहते आणि पाणी गेलं की ती खचते. खोदाईची परवानगी देताना महापालिका रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे आधीच भरून घेते. म्हणजे दुरुस्तीचे पैसे महापालिकेकडे जमा असतात, रहिवाशांनी निधी नाही हे उत्तर ऐकून घ्यायची गरज नाही. मी जेई साहेबांना तीन गोष्टी विचारल्या, खोदाईची परवानगी कुणाला दिली, पैसे किती भरले, आणि मूळ काँक्रीटच्या कामाची डीएलपी कधी संपते. पहिल्या दोन्हीचं उत्तर फाईल बघून देतो म्हणाले. तिसऱ्याची वर्क ऑर्डर त्यांच्याकडे नव्हती, आधीच्या साहेबांची बदली झाल्यावर ती फाईल मुख्य खात्यात गेली असं कळलं.

डीएलपीच्या मुदतीतला रस्ता दुसऱ्या कुणी खोदला की मूळ ठेकेदार हात वर करतो आणि खोदणारा आधीच निघून गेलेला असतो. मध्ये सापडतात ते रहिवासी. म्हणून यादीत रस्त्याच्या प्रत्येक कामासमोर मूळ वर्क ऑर्डर आणि नंतरच्या खोदाईची परवानगी असे दोन्ही क्रमांक हवेत.

11 फेब्रुवारी

त्या वर्क ऑर्डरसाठी माहितीचा अधिकार अर्ज टाकला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर द्यायला पाहिजे. खरं म्हणजे 2005 च्या कायद्यातल्या कलम 4 प्रमाणे बरीचशी माहिती कुणी न मागताच प्रसिद्ध करायची असते, ती झाली असती तर हा अर्ज लागलाच नसता.

22 फेब्रुवारी, रविवार

टेकडीकडच्या चाळीत सकाळी पाण्याच्या वेळेला जाऊन उभा राहिलो. तक्रार अशी की पाणी येतं पण हंडा भरत नाही. व्हॉल्व्हमन दादा भेटले, त्यांच्याकडून जेवढं कळलं तेवढं कुठल्याही फाईलमध्ये नाही. एक व्हॉल्व्ह खालच्या सोसायट्यांसाठी आणि टेकडीसाठी सामाईक आहे. खालच्या भागाचं भरत असेपर्यंत वर प्रेशर चढत नाही, आणि खालच्या काही इमारतींनी मोटर थेट लाईनला जोडलीय, ती चालू झाली की वरचं पाणी ओढलं जातं. चाळीतल्या बायका पहाटेपासून नळाशी बसतात आणि कामाला उशिरा पोचतात, त्यांचा तेवढ्या वेळाचा पगार कापला जातो.

यादीत हे काम 'नवीन पाईपलाईन' म्हणून आलं होतं. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर मॅडमना दाखवल्यावर त्या म्हणाल्या आधी थेट जोडलेल्या मोटरी काढू आणि वेळ वेगळी करून बघू, त्याला खर्च जवळजवळ नाही, पाईपलाईनचं एस्टिमेट त्यानंतर. मला हे पटलं. ताईंनी खालच्या सोसायट्यांच्या चेअरमन लोकांची बैठक लावलीय, तिथे वाद होणार हे नक्की कारण ते पण मतदारच आहेत. पण चाळीचं नाव आधी घ्यायचं असं ताईंनी स्वतः सांगितलं.

1 मार्च, रविवार

पहिल्या अंकाचा मजकूर. कार्यालयात चर्चा जोरात झाली. कार्यकर्त्यांचं म्हणणं पहिल्या पानावर ताईंचा मोठा फोटो आणि झालेली कामं. माझं म्हणणं पहिल्या पानावर यादी, आणि त्यात 'अडलेली कामं' हा रकाना सगळ्यात वर. एकजण म्हणाला विरोधक हेच पान घेऊन फिरतील. फिरू देत. लोक रोज त्या खड्ड्यातून जातात, खड्डा आहे हे त्यांना आपल्याकडून कळणार नाहीये, त्यांना आपल्याकडून पुढचं कळायला पाहिजे, की पैसे कुठल्या हेडमधले, टेंडर कधी, आणि होणार नसेल तर का होणार नाही. ताईंनी शेवटी असं ठरवलं की फोटो लहान, शेवटच्या पानावर, कार्यालयाच्या वेळेच्या शेजारी.

'होऊ शकत नाही' असा पण रकाना ठेवला. खाजगी सोसायटीच्या आतले रस्ते, कोर्टात वाद चालू असलेली जागा, डीपी रस्त्याची, म्हणजे विकास आराखड्यात दाखवलेल्या रस्त्याची, अजून ताब्यात न आलेली जमीन. प्रत्येकासमोर कारण.

नावांबद्दल एक नियम केला, तक्रार करणाऱ्याचं नाव, फ्लॅट नंबर, फोन काहीच छापायचं नाही. मोटरीची तक्रार करणाऱ्याला त्याच गल्लीत राहायचं असतं.

6 मार्च

आजचा दिवस स्पीडब्रेकरवर गेला. सगळ्यात जास्त मागणी याचीच असते, प्रत्येक सोसायटीला आपल्या गेटसमोर हवा असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असा दिलाय, ताशी 25 किलोमीटर वेगाने गाडी आरामात जावी म्हणून. आपल्याकडे रात्रीतून घातलेले अरुंद उंचवटे असतात, त्यावर पाठीला हिसका बसतो, ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटचे हाल होतात, आणि पांढरे पट्टे नसले तर रात्री टू व्हीलर उडते. शाळेसमोरचा एक स्पीडब्रेकर खरंच गरजेचा आहे, तो वाहतूक पोलिसांच्या ना-हरकतीसाठी पाठवला. बाकीच्यांची पाहणी होऊ दे.

10 मार्च

पहिला अंक गेला. चार पानं, व्हॉट्सॲपवर पीडीएफ आणि छापील प्रती दवाखाना, लायब्ररी, किराणा दुकानं, अंगणवाडी इथे. ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्यांनी कमी दिसतं त्यांच्यासाठी कार्यालयातल्या एका मुलीने सगळा मजकूर वाचून ऑडिओ केला. सगळ्यात जास्त पुढे गेला तो ऑडिओच, ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर तर लोकांनी तो ऐकून लगेच दुरुस्त्या पाठवल्या की अमुक झाकण बसवलंय, अमुक लाईट अजून बंदच आहे. अशा दुरुस्त्या त्याच दिवशी यादीत चढवतोय.

13 मार्च

आरटीआयचं उत्तर आलं. वर्क ऑर्डरची प्रत मिळाली आणि डीएलपी अजून चालू आहे. खोदाईच्या परवानगीची प्रत पण जेई साहेबांनी काढून ठेवली होती, पैसे भरलेले आहेत. ताईंनी दोन्ही जोडून कार्यकारी अभियंत्यांना पत्र दिलं, की चर पूर्ण उकरून थर देऊन भरावा आणि वर काँक्रीटच करावं, डांबराचं ठिगळ नको. यादीत टप्पा : पत्र पोचलं, पोच क्रमांक लिहिला.

17 मार्च

बजेटचं पान लिहितोय. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, समिती त्यात बदल करते, मग ते मुख्य सभेत जातं आणि सभा मंजूर करते. स्थायी समिती 16 जणांची, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. ताई त्या समितीत नाहीत. त्यामुळे आपल्या प्रभागाच्या मागण्या समितीतल्या सदस्यांकडे आणि खात्याकडे आधीच लेखी द्याव्या लागल्या. लोकांना हेही सांगितलं पाहिजे म्हणून सरळ लिहिलं, कुठली मागणी दिली, कितीची, आणि अंदाजपत्रकात ती आली की नाही.

मी एक गोष्ट वरच्या क्रमाने लावायला सांगितलीय, टेकडीकडच्या चाळीचं ड्रेनेज. तिथे पावसाचं पाणी मैल्याच्या लाईनलाच जोडलंय, त्यामुळे जून लागला की चेंबर उलटं वाहतं आणि घाण उंबऱ्यापर्यंत येते. सुशोभीकरण, कमान, बाकडी, नामफलक यांना पैसे पटकन मिळतात कारण ते दिसतं. जमिनीखालची लाईन दिसत नाही, पण लहान पोरं आजारी पडतात ती तिच्यामुळेच.

24 मार्च

शाळेजवळच्या रस्त्यावर झाडांना नोटीस लागलेली दिसली, रुंदीकरणासाठी तोडायची म्हणून. 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे हरकत घ्यायला सात दिवस असतात आणि महिन्याच्या वार्तापत्राची वाट बघितली असती तर मुदत निघून गेली असती. त्यामुळे लगेच एक पानाची खास सूचना काढली, नोटिशीचा फोटो, शेवटची तारीख, हरकत कुठे द्यायची आणि त्यात काय लिहायचं. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड असेल तर 2021 च्या दुरुस्तीनंतर ते हेरिटेज झाडात येतं, म्हणून शाळेतल्या निवृत्त गुरुजींना विचारून त्यातल्या वडाचं वय दाखवणारे जुने फोटो मिळवले. रुंदीकरण हवं असलेले लोकही आहेत, त्यांचंही म्हणणं सूचनेत दिलं. निर्णय वृक्ष प्राधिकरणाचा, पण तो लोकांना न कळता होऊ नये.

5 एप्रिल, रविवार

शाळेच्या हॉलमध्ये रहिवाशांची सभा. कायद्यात 2009 पासून क्षेत्र सभेची तरतूद आहे, नगरसेवकाने मतदारांना बोलावून त्यांच्याकडून कामांची मागणी आणि क्रम घ्यायचा, पण ती तरतूद बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. प्रशासनाने अधिकृत क्षेत्र सभा अजून ठरवलेली नाही म्हणून ताईंनी ही आपल्या बाजूने घेतली, आणि प्रशासनाला ती कायद्याप्रमाणे ठरवा असं पत्र दिलं.

यादी भिंतीवर लावली होती. लोकांनी स्वतः क्रम ठरवला. सोसायट्यांमधल्या एका काकांनी उठून सांगितलं की आमच्या पेव्हर ब्लॉकआधी चाळीचं ड्रेनेज घ्या, आम्ही थांबू. त्यांच्या शेजारचे नाराज झाले, बाहेर आल्यावर बराच वेळ वाद चालला होता. मोटरींचा विषय पण निघाला, काही चेअरमन काढायला तयार झालेत, बाकीच्यांना पाणीपुरवठा खात्याची नोटीस जाईल. चारपैकी तीन नगरसेवक आले होते आणि एकत्र यादीला आता तिघांची सही आहे.

16 एप्रिल

चर उकरला. मी आणि गल्लीतले दोघंजण उभे होतो, थर दाबताना रोलर फिरला, फोटो तारखेसकट काढले. काँक्रीट ओतल्यावर पाणी मारायचं काम रहिवाशांनी वाटून घेतलंय, क्युरिंग नीट झालं नाही तर तडे जातात.

20 एप्रिल

दुसऱ्या अंकासाठी बाकी : नालेसफाईची वर्क ऑर्डर आणि गाळ कुठे टाकणार त्या जागेचं नाव, चाळीच्या ड्रेनेजची तांत्रिक मान्यता, फाईल उपअभियंत्यांकडे आहे, शाळेसमोरच्या स्पीडब्रेकरचं वाहतूक पोलिसांचं पत्र, वडाच्या हरकतीवरची सुनावणी कधी ते. टेकडीवर पाण्याची वेगळी वेळ सोमवारपासून सुरू होतेय, पहिल्या आठवड्यात रोज किती वाजता पाणी चढलं ते तिथल्याच दोन ताई लिहून देणार आहेत, वही त्यांच्याकडे पोचवली.